धावत्या मोटारीची हवा : एका दाव्याची परीक्षा

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते, असे आपण नित्य म्हणतो. हे विधान खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. पेट्रोल जळावयाचे तर त्यास प्राणवायू हवा, आणि तो आपल्या भोवतालच्या हवेतूनच मिळावयाचा. वजनाने पाहू गेल्यास एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिन जे खाते त्यात पेट्रोलाचा वाटा लहान आणि हवेचा वाटा मोठा असतो. वेगवान मोटारींचे शौकीन इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी हवेच्या वाटेकडे लक्ष देतात, त्याचे कारण हेच होय.

ह्या शौकिनांसाठी बाजारात एक जोडसाधन मिळते. त्यास ‘रॅम एअर इनटेक’ असे म्हणतात. मोटारीच्या पुढल्या भागी वाऱ्याकडे तोंड करून बसविलेले एक पसरट नरसाळे आणि तेथून इंजिनाच्या हवागाळणीपर्यंत नेलेली एक रुंद नळी, एवढेच त्याचे स्वरूप असते. मोटार धावू लागली की समोरची हवा नरसाळ्यात कोंबली जाते, तिचा दाब वाढतो, इंजिनास अधिक हवा मिळते आणि म्हणून शक्ती वाढते, असा त्यामागील युक्तिवाद आहे. दिल्ली, गुरुग्राम व नोएडा ह्या परिसरात क्रीडा-मोटारींची हौस मोठी आहे, आणि असे साधन बसवावे की नाही हा प्रश्न तेथे अनेकांपुढे उभा राहतो. युक्तिवाद तर चुकीचा नाही. परंतु ‘वाढते’ ह्या शब्दाने शास्त्राचे समाधान होत नाही. किती वाढते? कोणत्या वेगाला? आणि ती वाढ खरोखर वाऱ्याच्या दाबामुळेच झाली, हे कशावरून? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे कशी शोधावी, ते ह्या पाठात पाहावयाचे आहे.

१. इंजिनाचा श्वास

दोन लिटर क्षमतेचे, चार धावांचे एक इंजिन घेऊ. अशा इंजिनात दट्ट्यांच्या दर दोन फेऱ्यांत सर्व सिलिंडर मिळून दोन लिटर हवा आत ओढतात. म्हणजे एका फेरीस एक लिटर. इंजिन मिनिटास ६,००० फेऱ्या करीत असेल तर ते मिनिटास ६,००० लिटर, अर्थात सेकंदास १०० लिटर हवा ओढील. पंधरा लिटरच्या सहा-सात घागरी दर सेकंदास रित्या करण्यासारखेच हे आहे.

आता लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की इंजिन हवा आकारमानाने मोजून घेते, पण पेट्रोल जळते ते हवेच्या वजनाच्या प्रमाणात. सिलिंडर तेवढाच राहतो. त्यात हवा दाट भरली तर अधिक पेट्रोल जाळता येते, विरळ भरली तर कमी. तेव्हा सगळा प्रश्न हवेच्या घनतेचा आहे. घनता वाढविण्याचे मार्ग दोन : हवेचा दाब वाढविणे, अथवा तिचे तापमान उतरविणे. ह्यांशिवाय तिसरी गोष्ट म्हणजे वाटेतील अडथळा. गाळणी, नळीची वळणे व अरुंद जागा ह्यांतून जाताना हवेचा दाब घटतो, आणि गाळणी मळलेली असेल तर ही घट आणखी वाढते. दाब, तापमान आणि अडथळा ह्या तीन गोष्टी वाचकांनी वेगवेगळ्या ध्यानात ठेवाव्यात. कारण पुढील सारे विवेचन ह्या तिघींना एकमेकींपासून अलग करण्याविषयीच आहे.

२. वाऱ्याचा दाब मोजावा कसा ?

वादळी वाऱ्यात छत्री पुढे धरून चालणाऱ्यास वाऱ्याचा दाब हातास जाणवतो. वाहती हवा अडली की तिच्या गतीचे रूपांतर दाबात होते. १७३२ साली आंरी पितो ह्या फ्रेंच अभियंत्याने सेन नदीत एक वाकविलेली काचेची नळी बुडविली. नळीचे खालचे तोंड प्रवाहाच्या समोर होते. प्रवाहाच्या जोराने नळीतील पाणी नदीच्या पातळीहून वर चढले, आणि ते किती चढले ह्यावरून त्याने प्रवाहाचा वेग काढला. विमानाचा वेग मोजण्यासाठी आजही पितोच्याच नावाची नळी वापरतात. मोटारीचे नरसाळे तत्त्वतः ह्या नळीचाच भाऊ होय.

समोरून येणारी हवा पूर्णपणे अडविली तर दाबात होणारी वाढ काढण्याचा नियम सोपा आहे : हवेची घनता घ्यावी, तिला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि त्याचे अर्ध करावे. ह्यात वेगाचा वर्ग येतो हे महत्त्वाचे. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. वेग निम्मा झाला तर दाब चतुर्थांशच उरतो.

दिल्लीच्या ३५ अंश सेल्सियस तापमानाच्या दिवशी एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम धरता येईल, आणि वातावरणाचा दाब सुमारे ९८,५०० पास्कल. ह्या आकड्यांवरून केलेले गणित असे :

ताशी ५० किलोमीटर : दाबातील वाढ १०६ पास्कल, वातावरणाच्या शेकडा ०.११

ताशी १०० किलोमीटर : ४२४ पास्कल, शेकडा ०.४३

ताशी २०० किलोमीटर : १,६९८ पास्कल; शेकडा १.७

ताशी ३०० किलोमीटर : ३,८१९ पास्कल, शेकडा ३.९

ह्या आकड्यांची कल्पना यावी म्हणून त्यांचे पाण्याच्या उंचीत रूपांतर करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या नरसाळ्यास पाण्याची नळी जोडली, तर वाऱ्याचा हा सारा दाब पाणी सुमारे ४३ मिलिमीटर उचलून धरील. ताशी ३०० किलोमीटरला ते सुमारे ३८९ मिलिमीटर चढेल.

वरील आकडे ही कमाल मर्यादा आहे. कितीही कुशल कारागिराने नरसाळे बनविले तरी ते ह्याहून अधिक दाब देऊ शकत नाही. कमी मात्र देऊ शकते, आणि बहुधा देतेच. मोटारीच्या सर्वच पृष्ठभागावर वारा सारख्या दाबाने आदळत नाही. अगदी समोरच्या भागी आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी दाब अधिक असतो; बॉनेटच्या फुगीर भागावरून मात्र हवा वेगाने घसरते आणि तेथे दाब वातावरणाहून कमीही असू शकतो. अशा जागी दिमाखाने बसविलेल्या तोंडाने दाब मिळण्याऐवजी गमावलाही जाईल. जागा ही शोभेवरून ठरवावयाची नसून मापावरून ठरवावयाची असते.

३. ग्रेटर नोएडाची शर्यत आणि आग्र्याचा रस्ता

वाऱ्याच्या दाबाचा खरा उपयोग कोठे होतो, ह्याचे उदाहरण दिल्लीच्या शेजारीच घडून गेले आहे. ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटर लांबीच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर २०११, २०१२ व २०१३ ह्या तीन वर्षी फॉर्म्युला वन मोटारींची भारतीय शर्यत झाली, आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल विजयी झाला. त्या वर्षांच्या मोटारींची इंजिने २.४ लिटरची, आठ सिलिंडरांची व मिनिटास १८,००० फेऱ्यांच्या मर्यादेची होती. हवा दाबून भरणारा टर्बो त्यांत नव्हता. चालकाच्या डोक्यामागे, मोटारीच्या सर्वांत उंच जागी, हवेचे तोंड होते. तेथे वारा बहुतांशी निर्मळ, म्हणजे पुढील भागांनी फारसा न घुसळलेला मिळे. आतील नळी हळूहळू रुंद होत जाई. त्यामुळे हवेचा वेग मंदावून दाब वाढे.

ह्या मार्गावर एक किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा सरळ पट्टा आहे आणि तेथे ह्या मोटारी ताशी ३०० किलोमीटरच्या पलीकडे जात. सुमारे ७५० अश्वशक्तीच्या इंजिनास शेकडा ४ वाढ मिळाली तर ती ३० अश्वशक्ती होते. जेथे क्षणाच्या शतांश भागाने क्रम ठरतो, तेथे हा लाभ मोलाचा होय. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ह्याच मार्गावर मोटोजीपीच्या दुचाकींची शर्यत झाली. त्या दुचाकींचे हवेचे तोंडही अगदी नाकावर, वाऱ्याच्या समोर असते.

आता ह्याच मार्गाजवळून आग्र्यास जाणारा यमुना द्रुतगती मार्ग घ्या. तो १६५ किलोमीटर लांबीचा असून २०१२ साली खुला झाला. हलक्या वाहनांना तेथे ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि धुक्याच्या दिवसांत ती आणखी खाली आणतात. १५० अश्वशक्तीच्या क्रीडा-मोटारीस ह्या वेगाला वाऱ्याच्या दाबाने मिळणारी वाढ शेकडा ०.४३, म्हणजे फार तर पाऊण अश्वशक्तीच्या आतबाहेर. साधन तेच, नियम तोच; परंतु वेग एक-तृतीयांश झाल्याने लाभ एक-नवमांश झाला. शर्यतीत जे खरे असते ते रस्त्यावर खोटे ठरत नाही; ते केवळ फार लहान होते.

४. थंड हवेचे रहस्य

असे असूनही साधन बसविल्यावर मोटार अधिक चपळ झाली असे काहींना जाणवते. हा सारा मनाचाच खेळ समजावा काय? तसेही नाही. येथे दुसरे कारण पुढे येते, ते तापमानाचे.

दिल्लीच्या उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४० अंश असताना, गर्दीत रखडलेल्या मोटारीच्या बॉनेटखाली ते ६५ अंश असणे अगदी शक्य आहे. निरपेक्ष मापाने हे अनुक्रमे ३१३ व ३३८ अंश केल्विन होतात. दाब तोच असेल तर बाहेरची हवा आतील हवेपेक्षा शेकडा ८ नी दाट भरते. शक्ती मात्र तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, कारण आत येणारी हवा गरम झडपांशी व भिंतींशी येऊन पुन्हा तापते. शक्तिमापनाच्या रूढ सूत्रात तापमानाचे वर्गमूळ घेतात. त्या हिशेबाने वाढ शेकडा ४ च्या आसपास येते. शिवाय, हवा फार तापलेली असेल तर इंजिनात अकाली स्फोट होऊन ठोके पडण्याचा संभव असतो, आणि तो टाळण्यासाठी आधुनिक मोटारीतील नियंत्रक ठिणगीची वेळ मागे सारतो. त्यानेही शक्ती उतरते.

म्हणजे ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा दाब जे देतो, त्याच्या जवळजवळ नऊपट लाभ केवळ बाहेरची थंड हवा घेतल्याने होऊ शकतो. परंतु येथे एक मोठा ‘जर’ आहे. मूळची नळी बॉनेटखालची गरम हवा घेत असेल तरच हा लाभ होईल. अलीकडच्या बहुतेक मोटारींत निर्मात्यानेच ती नळी पुढील जाळीमागून बाहेरची हवा घेईल अशी बसविलेली असते. अशा मोटारीत नव्या साधनास थंडाव्याचे श्रेय मिळावयाचे नाही. उलट, बंद नळी काढून उघडी शंकूच्या आकाराची गाळणी बॉनेटखाली बसविली, तर ती गरम हवाच ओढील आणि शक्ती घटेल. आवाज मात्र वाढेल. आणि आवाज वाढला की शक्ती वाढली असे कानास वाटते.

५. परीक्षा कशी घ्यावी ?

हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे परीक्षेची योजना कशी असावी ते आपोआप स्पष्ट होते.

पहिली गोष्ट, साधी डायनामोमीटरवरील चाचणी येथे पुरी पडत नाही. त्या यंत्रावर चाके फिरतात, पण मोटार जागच्या जागी उभी असते. समोर पंखा ठेवतात खरा, परंतु त्याचा वारा मोटारीच्या खऱ्या वेगाशी जुळत नसेल तर वाऱ्याच्या दाबाविषयी ती चाचणी काहीच सांगू शकत नाही. अनेकदा बॉनेट उघडे ठेवून चाचणी घेतात. त्यामुळे मूळच्या नळीलाही थंड हवा मिळते आणि तापमानाचा फरकही झाकला जातो. डायनामोमीटरवर कळतो तो मुख्यतः अडथळ्यातील फरक.

दुसरी गोष्ट, धावत्या मोटारीवरील चाचणी सार्वजनिक रस्त्यावर कदापि घेऊ नये. तिच्यासाठी बंद मार्ग असतात. दिल्लीजवळ मानेसर येथे वाहनतंत्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. पुण्यास १९६६ मध्ये स्थापन झालेली भारतीय मोटार-वाहन संशोधन संस्था आहे. आणि इंदूरजवळ पिथमपूर येथे ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणीमार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. अशा ठिकाणी रस्ता मोकळा, सपाट व पहाऱ्यातला असतो.

तिसरी गोष्ट, कारणे अलग करणे. त्यासाठी मोटार तीन स्थितींत धाववावी. पहिली, मूळच्या नळीसह. दुसरी, नवे साधन बसवून, परंतु नरसाळ्यापुढे थोड्या अंतरावर आडवा पत्रा लावून. अशाने हवा बाहेरची व थंडच मिळते, पण वाऱ्याचा थेट दाब मिळत नाही. तिसरी, पत्रा काढून. पहिली व दुसरी ह्यांतील फरक तापमानाचा व अडथळ्याचा. दुसरी व तिसरी ह्यांतील फरक वाऱ्याच्या दाबाचा. त्यानंतर पुन्हा पहिली स्थिती आणून मोटार धाववावी. पहिल्या व शेवटच्या धावांचे आकडे जुळले नाहीत, तर मध्यंतरी दुसरेच काही बदलले आहे असे समजावे : टायर तापले असतील, पेट्रोलाचे वजन घटले असेल, अथवा दिवस चढला असेल.

प्रत्येक धावेत तीन मापे घ्यावीत : गाळणीच्या पेटीतील दाब, तेथील तापमान आणि विशिष्ट वेगवाढीस लागलेला वेळ. दाबासाठी पाण्याची यू-आकाराची नळी वापरावयाची असेल तर मोटार स्थिर वेगात असताना वाचन करावे आणि नळीचे दोन्ही हात गतीच्या आडव्या दिशेस ठेवावेत. नाहीतर मोटारीच्या वेगवाढीनेच पाणी एकीकडे झुकेल. आधुनिक मोटारीत हवेचे तापमान व दाब मोजणारी विद्युत्-साधने मुळातच असतात आणि त्यांची नोंद यंत्राने उतरवून घेता येते.

वेळेच्या मापाविषयी विशेष सावध राहावे. समजा, एकाच गिअरमध्ये ताशी १०० पासून १५० किलोमीटरपर्यंत वेग वाढण्यास ८ सेकंद लागतात. वाऱ्याच्या दाबाचा लाभ ह्या वेगांत एक शतांश धरला, तरी वेळ फक्त ०.०८ सेकंदाने कमी होईल. हाताने थांबघड्याळ दाबणाऱ्या माणसाकडून एक-दोन दशांश सेकंदाची चूक सहज होते. म्हणजे मोजावयाची वस्तू फूटपट्टीच्या जाडीहून लहान आहे! म्हणून वेळ उपग्रहाधारित यंत्राने घ्यावा, प्रत्येक स्थितीत दहा-बारा धावा कराव्यात, निम्म्या धावा एका दिशेने व निम्म्या उलट दिशेने कराव्यात म्हणजे नैसर्गिक वाऱ्याचा परिणाम बराचसा निघून जातो, आणि सरासरीबरोबर धावाधावांतील तफावतही लिहून ठेवावी. दोन स्थितींतील फरक ह्या तफावतीहून ठळकपणे मोठा नसेल, तर ‘फरक आढळला नाही’ असे लिहिण्यास संकोच करू नये.

चौथी गोष्ट, हवामान. सकाळी सहाला घेतलेली एक धाव आणि दुपारी दोनला घेतलेली दुसरी, ह्यांची तुलना निरर्थक होय. शक्तिमापनाच्या प्रचलित प्रमाणात सर्व आकडे २५ अंश सेल्सियस तापमान व ९९ किलोपास्कल दाब ह्या स्थितीशी जुळवून घेतात. ही जुळणी करताना बाहेरच्या हवेचे तापमान घ्यावे, नळीच्या आतील नव्हे. कारण आतील तापमान घेतले तर ज्या फरकाची परीक्षा करावयाची तोच हिशेबात नाहीसा होतो.

६. लाभाबरोबर जोखीम

कोणत्याही साधनाचा हिशेब एका बाजूने मांडू नये. जे नरसाळे वारा घेते ते वाऱ्याबरोबर येणारे सर्व काही घेते. उन्हाळ्यातील आंधीची धूळ बारीक व खरखरीत असते. गाळणी नीट बसली नसेल तर ती सिलिंडरच्या भिंती झिजविते. पावसाळ्यात धोका अधिक गंभीर होतो. दिल्लीतील मिंटो पुलाच्या बोगद्यात अनेक पावसाळ्यांत पाणी तुंबून वाहने बुडाली आहेत. हवेचे तोंड बंपरच्या खाली नेलेले असेल तर अशा पाण्यातून जाताना इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या पाण्यावर अडतो आणि दट्ट्यास जोडलेला दांडा वाकतो. पाऊण अश्वशक्तीसाठी सबंध इंजिन गमावण्याचा हा व्यवहार आहे. निर्माते मूळच्या नळीचे तोंड उंचावर व वळणे देऊन ठेवतात, ते अडाणीपणाने नव्हे.

कायद्याचाही विचार करणे प्राप्त आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी वाहन विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. तेव्हा कोणताही बदल करण्यापूर्वी तो ह्या कलमात बसतो की नाही, ह्याची परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

७. शाळेत करण्याजोगा प्रयोग

वाऱ्याचा दाब पाहण्यास मोटारीची गरज नाही. तळाशी तोटी असलेली एक रुंद बाटली घ्यावी. तोटीस रबरी नळीने एक काचेची नळी जोडावी आणि ती दहा सेंटिमीटर लांबीस एक सेंटिमीटर चढेल अशी तिरपी बांधावी. बाटलीत रंगीत पाणी इतके घालावे की ते तिरप्या नळीच्या मध्यापर्यंत येईल. बाटलीच्या बुचातून दुसरी एक नळी बाहेर काढून तिचे तोंड टेबलावरील पंख्याच्या समोर धरावे. वाऱ्याचा वेग सेकंदास ५ मीटर असेल तर पाण्याची पातळी जेमतेम १.४ मिलिमीटर चढेल. परंतु तिरप्या नळीत तेच पाणी सुमारे १४ मिलिमीटर सरकलेले दिसेल. आता नळीचे तोंड वाऱ्याच्या आडवे, आणि मग पाठमोरे धरून काय होते ते पाहावे.

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांचा विचार करावा :

(१) ताशी १५० किलोमीटर वेगाला दाबातील कमाल वाढ किती पास्कल होईल? पाण्याच्या उंचीत ती किती?

(२) डिसेंबरच्या पहाटे दिल्लीचे तापमान ५ अंश आणि जूनच्या दुपारी ४५ अंश असेल, तर दाब समान धरून हवेच्या घनतेत शेकडा किती फरक पडेल? हा फरक वाऱ्याच्या दाबाने मिळवावयाचा तर मोटारीस सुमारे किती वेगाने धावावे लागेल?

(३) ‘आमच्या साधनाने शक्ती शेकडा १० वाढते’ असे एखाद्या वेष्टनावर छापलेले असेल, तर ते मान्य करण्यापूर्वी आपण विक्रेत्यास कोणते तीन प्रश्न विचाराल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास नीट देता येईल, त्यास हा पाठ समजला असे मानावे. तोच प्रश्न औषधाच्या बाटलीस, खताच्या पोत्यास व वीज वाचविणाऱ्या डबीसही लावता येतो, आणि तो लावण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची परवानगी लागत नाही.